संत तेरेजा : अंधारातील श्रद्धा

दरवर्षी १ ऑक्टोबर रोजी आपण बालयेशूची संत तेरेजा हिचा सण साजरा करतो. हाती क्रूस आणि गुलाबाची फुले धरलेली तिची प्रतिमा श्रद्धावंतांच्या चांगल्या परिचयाची आहे. ती पाहून तिचे जीवन फुलांसारखेच कोमल व सुखाचे गेले असावे, असा समज सहज होतो. परंतु बालपणापासून स्वर्गाची ओढ लागलेल्या ह्या संतेला आयुष्याच्या अखेरच्या दीड वर्षात स्वर्ग खरोखर आहे का, ह्याच प्रश्नाने छळले होते. मरणानंतर काय, असा प्रश्न ज्यांच्या मनात कधी ना कधी उभा राहतो, त्या सर्वांनी तिच्या जीवनाचा हा भाग अवश्य जाणून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

तेरेजाचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलांसाँ ह्या गावी झाला. वडील लुई मार्तें घड्याळे बनवीत, तर आई झेली लेस विणण्याचा व्यवसाय चालवी. त्यांच्या नऊ अपत्यांपैकी चार लहानपणीच दगावली. एवढे दुःख भोगायचे होते तर ती मुले जन्मालाच आली नसती तर बरे, असे सांत्वन करणारे लोक झेलीला भेटत. तिला ते मुळीच पटत नसे. आपली बाळे हरवलेली नाहीत, ती स्वर्गात आपल्याला पुन्हा भेटतील, अशी तिची दृढ आशा होती. २८ ऑगस्ट १८७७ रोजी स्तनाच्या कर्करोगाने झेली प्रभूच्या घरी गेली. तेव्हा तेरेजा अवघी चार वर्षांची होती. त्यानंतर हे कुटुंब लिझ्यू येथे राहावयास गेले.

मोठ्या बहिणींमागोमाग तेरेजालाही मठाची ओढ लागली. १८८७ साली रोमच्या यात्रेत तिने पोप लिओ तेरावे ह्यांच्यापुढे गुडघे टेकून लहान वयातच मठप्रवेशाची अनुमती मागितली. ९ एप्रिल १८८८ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिने लिझ्यूच्या कार्मेल मठात प्रवेश केला. पुढे वडिलांना मानसिक आजार जडला आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. १८९४ साली ते निवर्तले. स्वर्गात आपले अर्धे कुटुंब आपली वाट पाहत आहे, हा विचार तिला आता अधिकच जवळचा झाला.

१८९६ साली पवित्र गुरुवारची रात्र सरून शुभ शुक्रवार सुरू होत असताना तिच्या तोंडातून रक्त आले. तो क्षयरोग होता. तिला भय वाटले नाही. उलट, प्रभूच आपल्याला बोलावीत आहे, ह्या विचाराने ती आनंदली. परंतु त्याच पुनरुत्थान काळात तिच्या मनावर दाट अंधार पसरला. स्वर्गाचा विचार केला की समोर आकाशाला भिडणारी भिंत उभी राही. मरणापलीकडे केवळ शून्य आहे, असा आवाज जणू तिला चिडवीत असे.

पूर्वी तिला वाटे की खरे नास्तिक कोणी नसतातच. स्वर्ग नाही असे म्हणणारे लोक आपल्याच अंतःकरणाविरुद्ध बोलतात. आता तिला उमगले की श्रद्धेचा प्रकाश न लाभलेली माणसे खरोखरच असतात. तिने त्यांना दोष दिला नाही. ती त्यांना आपले बंधू मानू लागली आणि त्यांच्याच मेजावर बसून दुःखाची कडू भाकर खाण्यास तयार झाली. त्या सर्वांना प्रकाश लाभावा, एवढेच तिचे मागणे होते.

ह्या काळात तिने काय केले? तिने आपल्या रक्ताने श्रद्धांगीकार लिहिला आणि तो हृदयाशी बाळगला. स्वर्गसुखावर ती कविता रचत राहिली. त्या वाचून तिचे मन प्रकाशाने भरलेले आहे, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात त्या सुखाचा तिला अनुभव येत नव्हता. ज्यावर आपली श्रद्धा असावी असे तिला वाटे, तेच ती गात होती. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तीव्र वेदना सोशीत आणि प्रभूवर प्रीती करीत तिने देह ठेवला. स्वर्गात विसावा घेण्याची तिची इच्छा नव्हती. तेथूनही पृथ्वीवरील माणसांचे भले करीत राहावे, अशी तिची मनीषा होती.

तिचे आत्मचरित्र १८९८ साली प्रसिद्ध झाले. १९२५ साली पोप पायस अकरावे ह्यांनी तिला संतपद बहाल केले. मठाबाहेर कधी मिशनकार्यास न गेलेल्या ह्या भगिनीला १९२७ साली, ज्यांचे पार्थिव अवशेष गोव्यात आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या जोडीने, मिशनकार्याची आश्रयदाती घोषित करण्यात आले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून गौरविले. २०१५ साली तिचे आईवडीलही संत म्हणून घोषित झाले.

प्रिय बंधुभगिनींनो, २ नोव्हेंबरला आपण आपल्या प्रियजनांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. त्या वेळी एखाद्याच्या मनात शंका डोकावते आणि तो मनातल्या मनात लाजतो. संत तेरेजाचे जीवन आपल्याला शिकविते की शंका येणे म्हणजे श्रद्धा गमावणे नव्हे. आशा ही केवळ भावना नाही. काहीच दिसत नसतानाही प्रभूचा हात न सोडणे, ही आशा होय. म्हणून मन कोरडे असले तरी त्या दिवशी श्रद्धांगीकार सावकाश म्हणू या. आपल्या घरातील, शेजारातील ज्यांना विश्वास ठेवणे जमत नाही, त्यांना नावे न ठेवता त्यांच्यासाठीही एक मेणबत्ती लावू या.