संत जेरोम : पवित्र शास्त्राचे भाषांतरकार
(सण : ३० सप्टेंबर)

संत जेरोम ह्यांचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास स्त्रिदोन ह्या गावी झाला. शिक्षणासाठी ते रोमला गेले व तेथेच त्यांनी स्नानसंस्कार स्वीकारला. लॅटिन साहित्याची त्यांना विलक्षण गोडी होती. पुढे एका आजारपणात त्यांना स्वप्न पडले. आपण न्यायासनापुढे उभे आहोत आणि ख्रिस्ताचे नव्हे, तर सिसेरोचे अनुयायी असल्याचा दोष आपल्यावर ठेवला जात आहे, असे त्यांनी पाहिले. ह्या स्वप्नाने त्यांचे जीवन पालटले. सिरियातील वाळवंटात तपश्चर्या करीत असता ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी बांधवाकडून ते हिब्रू शिकले.

गुरुदीक्षेनंतर, इ. स. ३८२ मध्ये ते रोमला परतले. पोप दमासस ह्यांनी लॅटिन शुभवर्तमाने शुद्ध करण्याचे काम त्यांच्यावर सोपविले, कारण नकला करताना प्रतीप्रतींत फरक पडले होते. पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तीही अशाच अडचणीपोटी. पोप दमासस ह्यांच्या मृत्यूनंतर जेरोम ह्यांच्या तिखट लेखणीमुळे दुखावलेले लोक उलटले आणि त्यांनी रोम सोडले. इ. स. ३८६ पासून ते बेथलेहेमात राहिले. संत पावला ह्यांनी तेथे मठ उभारले.

ह्याच मठात त्यांनी जुना करार हिब्रूतून लॅटिनमध्ये आणला. तेव्हा एक मोठा प्रश्न उभा राहिला. ख्रिस्तसभेत वाचल्या जाणाऱ्या ग्रीक जुन्या करारात तोबीत, यहूदीथ, शलमोनाचे ज्ञान, बेन सिराख, बारूख व मक्काबींचे दोन ग्रंथ होते. हिब्रू संग्रहात ते नव्हते. जेरोम ह्यांनी हिब्रू यादी प्रमाण मानली. ख्रिस्तसभांनी पिढ्यान्‌पिढ्या जे स्वीकारले तेच प्रमाण, असे संत ऑगस्टीन ह्यांचे मत होते. हिप्पो (३९३) व कार्थेज (३९७) येथील धर्मसभांनी हे ग्रंथ आपल्या यादीत घेतले.

जेरोम ह्यांनी आपले मत लपविले नाही. परंतु ते ख्रिस्तसभेवर लादलेही नाही. दोन महागुरूंच्या विनंतीला मान देऊन त्यांनी तोबीतचे भाषांतर एका दिवसात पूर्ण केले. यहूदीथचेही भाषांतर केले. उरलेले पाच ग्रंथ जुन्याच लॅटिन रूपात ‘वुल्गाता’त समाविष्ट झाले. इ. स. ४२० मध्ये बेथलेहेमात त्यांनी देह ठेवला.

पुढे प्रॉटेस्टंट सुधारकांनी जेरोम ह्यांचाच आधार घेऊन हे सात ग्रंथ वेगळे काढले. ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या धर्मसभेने ते पवित्र शास्त्राचाच भाग असल्याचे जाहीर केले. म्हणून आपल्या बायबलमध्ये ७३ ग्रंथ आहेत, तर प्रॉटेस्टंट बांधवांच्या मराठी बायबलमध्ये ६६. नांदेड येथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले, हे आपण जाणतो. आपल्या ग्रंथांची यादी मात्र अशी एका व्यक्तीने एका दिवशी ठरविली नाही. उपासना, वाचन आणि वाद ह्यांतून ती शतकानुशतके सिद्ध होत गेली.

हा फरक केवळ आकड्यांचा नाही. १९९३ साली ३० सप्टेंबरच्याच पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. त्या मृतांसाठी आपण प्रार्थना करतो तेव्हा तिचा आधार मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात सापडतो. रणात पडलेल्या सैनिकांसाठी यहूदा मक्काबीने प्रार्थना केली व अर्पण पाठविले, असे त्यात सांगितले आहे. परमुलखात बेवारस प्रेतांना मूठमाती देणारा तोबीतही ह्याच सात ग्रंथांतला. जेरोम ह्यांनी आपली विद्वत्ता ख्रिस्तसभेच्या श्रद्धेपेक्षा मोठी मानली असती, तर त्यांच्या हातून ही कथा लॅटिन वाचकांना मिळाली नसती.

ह्या सणाच्या निमित्ताने प्रत्येक कुटुंबाने तोबीतचा ग्रंथ एकत्र बसून वाचावा. त्याचे अवघे चौदा अध्याय आहेत.

संत जेरोम, आम्हांसाठी विनंती करा.