डॉ. रखमाबाई : वंशावळीत आईचं नाव लिहिलं की चरित्र कळतं



परिसर अभ्यासात कुटुंबवृक्ष शिकवताना मुलं काय काढतात ते आठवून बघा. खाली मी, वर बाबा, त्यांच्या वर आजोबा, मग पणजोबा. घरातली वंशावळही अशीच असते. २०२३ पासून आपल्या नांदेड-लातूरकडे निजामकाळातल्या नोंदी शोधायला कितीतरी घरं लागली. खापरपणजोबांपर्यंत नावं निघाली. पण खापरपणजीचं नाव काय, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी सगळे एकमेकांकडे बघतात.

आज आपण डॉ. रखमाबाई यांचं चरित्र पाहणार आहोत. त्यांच्या वंशावळीतून आईचं नाव काढलं, तर हे चरित्र कळतच नाही.

आई जयंतीबाई

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग. आई जयंतीबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. म्हणजे आपल्या बारावीच्या मुलीचं वय! पदरात अडीच वर्षांची लेक.

हे कुटुंब सुतार समाजातलं. त्या समाजात विधवेला दुसरं लग्न करायची मुभा होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला परवानगी दिली होती, पण पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा बाईचा हक्क जात असे. जयंतीबाईंनी ती मालमत्ता लेकीच्या नावावर केली.

सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन

हे नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत दोनच भारतीय होते. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि हे. रखमाबाईंना वाचायची गोडी अशा घरात लागली.

आता इथे जरा थांबा. अशा सुधारक घरातही रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षीच लावलं गेलं. आईचं चौदाव्या वर्षी, लेकीचं अकराव्या! पिढी पुढे गेली आणि लग्नाचं वय मात्र खाली आलं. काळ बदलला की वय आपोआप वाढतं, असं आपण धरून चालतो. ते खरं नाही, बरं का.

नवरा दादाजी भिकाजी हे सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले. त्यांनी सासरी राहून शिकावं असं ठरलं होतं, पण त्यांचं शिक्षणात मन लागलं नाही. रखमाबाई वयात आल्या तेव्हा त्यांना लगेच नांदवायला पाठवायला सखाराम अर्जुन यांनी नकार दिला. इतक्या लहान वयात संसार आणि बाळंतपण आलं तर शरीराचं काय होतं, हे त्यांच्यातल्या डॉक्टरला माहीत होतं. रखमाबाई माहेरीच राहिल्या, घरी पुस्तकं वाचून शिकत राहिल्या.

खटला

१८८४ साली दादाजींनी बायकोने नांदायला यावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. दादाजींनी अपील केलं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट आदेश दिला. नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

देशभर वाद पेटला. बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने उभे राहिले, लोकमान्य टिळकांनी केसरीतून विरोध केला. रखमाबाईंनी स्वतःही हिंदू स्त्री या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियाला पत्रं लिहून बालविवाहावर टीका केली. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला.

डॉक्टर रखमाबाई

कामा रुग्णालयातल्या डॉ. एडिथ पेची यांच्या मदतीने १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाल्या. परत आल्यावर सुरतेत आणि नंतर राजकोटमध्ये त्यांनी बायकांच्या रुग्णालयांत काम केलं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, पण पुढच्याच वर्षी गेल्या. रखमाबाईंनी मात्र सुमारे पस्तीस वर्षं रुग्ण तपासले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचं निधन झालं.

१८९१ मध्ये इंग्रज सरकारने संमतिवयाचा कायदा करून ते वय दहावरून बारा केलं. त्यामागे बंगालमधल्या फुलमणी या लहान मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं, तसा या खटल्याने उठवलेला वादही होता. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्यामुळे इंग्रजी मुलखातला हा कायदा इथे लागू नव्हता.

आपल्या वर्गासाठी

आज कायदा सगळीकडे एकच आहे, मुलीचं वय १८. तरीही दिवाळीनंतर पट कमी होतो, हे आपण बघतो. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडी असली की उचल मिळते, म्हणून पोरीचं लग्न उरकलं जातं. आजी-आजोबांकडे मुलगी ठेवायची तर जोखीम वाटते. हंगामी वसतिगृहाची माहिती वेळेवर घरी पोचली तर एखादी मुलगी शाळेत टिकते. आणि लग्नाची कुणकुण लागली, तर गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. १०९८ वरही कळवता येतं.

कुटुंबवृक्ष शिकवताना या वेळी दुसरी बाजूही काढून घ्या. मी, आई, आजी, पणजी. प्रत्येकीचं माहेरचं नाव, कितवीपर्यंत शिकली आणि लग्नाच्या वेळचं वय. माहिती वर्गात मोठ्याने वाचायला लावू नका. ज्यांना आई नाही किंवा सांगायचं नाही, त्यांना आजी, मावशी, काकू कोणीही चालेल. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव आलं आहे. आपल्या वर्गातली मुलं त्याआधीची आहेत, त्यांच्यासाठी हे काम आपण वहीत करू.

पालकहो, मुलगी ही वही घेऊन आजीजवळ बसली तर तुम्हीही शेजारी बसा. लग्नाच्या वयाचा रकाना भरून झाला की तिथेच तिला सांगा, तुझं वय आपण १८ च्या पुढचं लिहिणार आहोत, आणि त्याआधी शिक्षणाचा रकाना.