टेंभूचे आगरकर आणि माझं 'डिड'

कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी एक कंपनी आली होती. शेवटी साहेबांनी विचारलं, तुला काही विचारायचं आहे का? मी रात्रभर घोकलेला प्रश्न टाकला : 'व्हेन डिड युवर कंपनी स्टार्टेड?' समोरच्या तिघांपैकी एकाने हसू दाबलं. यादीत माझं नाव आलं नाही. कारण हेच होतं असं नाही, पण त्या रात्री मेसचं जेवण घशाखाली उतरलं नाही. रूम पार्टनर म्हणाला, 'स्टार्टेड' नाही रे, 'स्टार्ट'. मी विचारलं, का? तो म्हणाला, तसंच असतं!

हे 'तसंच असतं' काही डोक्यातून जाईना. लायब्ररीत गोपाळ गणेश आगरकरांचं चरित्र हाती आलं, ते याच दिवसांत. मी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातला. आमच्याकडे टेंभू म्हणजे पाणी! सातारा जिल्ह्यात कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी अडवून टप्प्याटप्प्याने उचलतात आणि ते आमच्या दुष्काळी भागात येतं. त्याच टेंभूत 14 जुलै 1856 रोजी आगरकर जन्मले, हे शाळेत वाचलं होतं. पण तो एका मार्काचा प्रश्न होता. माणूस आता भेटला.

घरची अत्यंत गरिबी. शिक्षण कराडला आजोळी सुरू झालं. पुढे शिकायची सोय नव्हती, म्हणून मामलेदार कचेरीत उमेदवारी केली. शिकायला म्हणून कराडहून रत्नागिरीला गेले ते पायी! तिथेही जमलं नाही, परत आले. मग अकोल्याला नातेवाइकांकडे राहून 1875 साली मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगात एकच सदरा, रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. (आपण हॉस्टेलमध्ये गरम पाण्यासाठी भांडतो!) एवढं शिकल्यावर सरकारी नोकरी सहज मिळाली असती. पण त्यांनी आईला कळवलं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांसाठी घालवणार आहे. त्या माउलीला काय वाटलं असेल? माझी आई तर यादीची वाट बघत होती.

1881 साली 'केसरी' निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूर प्रकरणात 1882 मध्ये टिळकांबरोबर 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. 1883 मध्ये त्यांनी शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' मराठीत आणलं, नाव 'विकारविलसित'. पुढे टिळकांशी मतभेद झाले, 1887 मध्ये 'केसरी' सोडला आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढला.

त्याच 1888 साली त्यांचं एक व्याकरणाचं पुस्तक आलं : 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण'. इंग्रजीत वाक्य सुटं करून तपासण्याची जी रीत आहे, ती त्यांनी मराठी वाक्यांना लावली. समाजसुधारकाला हा उद्योग कशाला? पण मला वाटतं, माणूस तोच आहे. रूढी असो की वाक्य, 'तसंच असतं' हे उत्तर त्यांना चालत नव्हतं.

मग मीही माझं वाक्य इंजिनासारखं खोललं. मराठीत 'कंपनी सुरू झाली' याचा प्रश्न 'कंपनी कधी सुरू झाली?' क्रियापद जागचं हललं नाही. इंग्रजीत तसं नाही. 'स्टार्टेड'चे आधी दोन भाग होतात, 'डिड' आणि 'स्टार्ट'. भूतकाळ सगळा 'डिड' घेतो आणि कर्त्याच्या पुढे जाऊन उभा राहतो. मागे उरतं मूळ क्रियापद. आपल्या भाषेत सांगायचं तर लोड एकदाच ट्रान्स्फर झाला. पुन्हा 'स्टार्टेड' म्हटलं की तोच लोड दोनदा धरला!

सरावाला आगरकरांचंच आयुष्य घेतलं. 'ही वेंट टू रत्नागिरी', प्रश्न : 'डिड ही गो टू रत्नागिरी?' 'ही लेफ्ट केसरी', प्रश्न : 'व्हाय डिड ही लीव्ह केसरी?' मात्र 'हू' स्वतःच कर्ता असेल तर 'डिड' लागत नाही : 'हू रोट वाक्यमीमांसा?' आणि 'वॉज'लाही 'डिड' नको, तो स्वतःच पुढे येतो : 'व्हेअर वॉज ही बॉर्न?' उत्तर, टेंभू. संपलं! सात वर्षं घोकून जे आलं नाही, ते एका संध्याकाळी आलं.

पण पुढचं चरित्र वाचताना थोडी लाज वाटली. विधवांचं केशवपन कशासाठी? मुलींना मुलांसारखं शिक्षण का नाही? आगरकर असले प्रश्न भर पुण्यात विचारत होते. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते थांबले नाहीत. 1892 मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा मात्र सुटला नाही. 17 जून 1895 रोजी ते गेले, चाळिशीही गाठली नाही. आपल्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी उशाशी पुडीत बांधून ठेवले होते म्हणतात.

आणि आम्ही? 'डिड' चुकेल म्हणून चार वर्षं वर्गात हात वर केला नाही. मराठी मीडियमची निम्मी पोरं अशीच शेवटच्या बाकावर गप्प. व्याकरण चुकलं तर एक हशा होतो. प्रश्न गिळला तर तो विषयच कच्चा राहतो.

आता रविवारी आमच्या रूमवर पाच जण जमतो. एखाद्याचं चरित्र घ्यायचं आणि इंग्रजीत प्रश्नच प्रश्न विचारायचे. चुकलं तर चहा पाजायचा. सरांना एकच विनंती, आमचं 'डिड' चुकलं तर जरूर सुधारा, पण आधी प्रश्नाचं उत्तर द्या.

– अंतिम वर्ष, स्थापत्य