इंजिनाला श्वास देणारे गणिती : सर स्टॅनली हूकर



पिठाच्या गिरणीत पट्टा फिरताना आपण सर्वांनी पाहिला आहे. मोठी पुली एक फेरा पूर्ण करते तेवढ्यात लहान पुली दोन-तीन फेरे घेते. काही मोटारगाड्यांत सुपरचार्जर नावाचा हवेचा पंप असतो, तोही असाच पट्ट्यावर चालतो. त्याची पुली लहान बसवली की पंप अधिक वेगाने फिरतो, इंजिनात अधिक हवा कोंबतो, अधिक इंधन जळते आणि ताकद वाढते. परंतु दाबलेली हवा तापते, पंप इंजिनाचीच शक्ती खातो आणि अति झाले की इंजिनात ठोके पडून ते निकामी होते. मग ताकद वाढवावी कशी? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी गणिताने शोधले, त्या सर स्टॅनली हूकर यांचा हा परिचय.

हूकर यांचा जन्म 30 सप्टेंबर 1907 रोजी इंग्लंडमधील शीअरनेस येथे झाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात गणित शिकून त्यांनी 1935 मध्ये ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळवली. 1938 च्या आरंभी ते डर्बी येथील रोल्स-रॉइस कंपनीत दाखल झाले. इंजिनियरिंगची पदवी नाही, कारखान्याचा अनुभव नाही आणि सुरुवातीला नेमून दिलेले कामही नाही! दुसरा कोणी असता तर आरामात बसला असता. हूकर मात्र विभागाविभागांतून हिंडले आणि मर्लिन इंजिनाच्या सुपरचार्जरच्या चाचण्यांचे आकडे घेऊन बसले.

विमान जसे उंच जाते तशी हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. म्हणून मर्लिनमध्ये हवा दाबणारा पंखा होता. तेथे पट्टा-पुलीऐवजी दातेरी चाके होती आणि पंखा इंजिनाच्या सुमारे साडेआठ पट वेगाने फिरे. हूकर यांच्या गणितातून दिसले की दोष केवळ वेगाचा नाही. हवेच्या वाटेतील वळण आणि पंख्याची रचना यांतच बरीच शक्ती वाया जात होती. नव्या माणसाने जुन्या जाणत्यांची चूक दाखवायची म्हणजे धाडसच. पण वरिष्ठांनी मन मोठे केले आणि ते काम त्यांच्याच हाती सोपवले. वाट सुधारली, चाकांचे प्रमाणही वाढवले आणि मर्लिन सुमारे तीन हजार फूट अधिक उंचीपर्यंत आपली पूर्ण ताकद टिकवू लागले.

1941 मध्ये जर्मनीचे फॉकवुल्फ 190 विमान आले आणि ब्रिटिश स्पिटफायर मागे पडू लागले. वैमानिकांचे प्राण पणाला लागले होते. तेव्हा हूकर यांच्या गटाचे मर्लिन 61 कामी आले. त्यात एकामागे एक असे दोन पंखे, वेगाचे दोन गियर आणि तापलेली हवा थंड करण्याची सोय होती. 1942 च्या उन्हाळ्यात हे इंजिन बसवलेले स्पिटफायर 9 लढाईत उतरले आणि बरोबरी साधली गेली.

पुढे ब्रिस्टल कंपनीत त्यांनी जेट इंजिने घडवली. त्यांपैकी ऑर्फियस आपल्या हवाई दलाच्या नॅट आणि मरुत या विमानांत होते, तर पेगासस गोव्याच्या दाबोळी तळावरून 2016 पर्यंत उडालेल्या नौदलाच्या सी हॅरियरमध्ये होते. 1971 मध्ये रोल्स-रॉइसचे दिवाळे निघाले, तेव्हा वयाच्या 63 व्या वर्षी ते निवृत्तीतून परतले आणि त्यांनी आरबी 211 इंजिन मार्गी लावले. 1974 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. 24 मे 1984 रोजी त्यांचे निधन झाले.

नोकरीच्या प्रारंभी वरिष्ठांनी त्यांना गमतीने म्हटले होते की हा काही फारसा इंजिनियर नाही. हूकर यांनी तेच आपल्या आत्मचरित्राचे नाव ठेवले.

मित्रांनो, परीक्षा जवळ आली की आपण पुली लहान करतो, म्हणजे फक्त घाई वाढवतो आणि मग डोके तापते. त्याआधी आपली शक्ती कोठे वाया जाते आहे, ते शोधा. गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्यांनी हूकर यांची आठवण अवश्य ठेवावी.