सूर वहीत उतरविणारा पंडित

आमच्या आजोबांची दंडारीच्या गाण्यांची एक वही होती. चौथी शिकलेल्या हाताने, शाईच्या टाकाने लिहिलेली. आजोबा वारल्यावर आसगावच्या घरी ती फळीवरून खाली काढली, तेव्हा निम्मी पाने उधईने खाल्ली होती. उरलेल्या पानांवर शब्द होते, पण चाल घरात कुणालाच येत नव्हती. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. येथे ग्रंथालयात पं. विष्णु नारायण भातखंडे यांचे क्रमिक पुस्तक हाती पडले आणि ती वही आठवली. चाल कागदावर टिकावी म्हणून या पुरुषाने उभे आयुष्य वेचले होते!

विष्णु नारायणांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वरी झाला. १८८५ साली ते बी. ए. व १८८७ साली वकील झाले. शिकत असतानाच १८८४ मध्ये ते गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले आणि तेथे त्यांनी रावजीबुवा बेलबागकरांकडून शेकडो ध्रुपदे मिळविली. पुढे पत्नी गेली, १९०३ मध्ये एकुलती मुलगीही गेली. दुसरा कोणी खचला असता. पंडितजींनी मात्र संगीतालाच आपला संसार मानले.

१९०४ साली ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितांपाशी व्यंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या सतराव्या शतकातील ग्रंथाचे हस्तलिखित होते. पंडितजींनी त्याची नक्कल मिळविली. असे कितीतरी जुने ग्रंथ त्यांनी पोथ्यांच्या बासनांतून बाहेर काढून छापविले.

परंतु ग्रंथांत शास्त्र होते, गाणे नव्हते. जर्मनीचा संगीतकार बाख १७५० साली वारला. त्याच्या हातच्या स्वरलिपींच्या हुबेहूब प्रती आज छापून निघतात. ‘मॅथ्यू पॅशन’मध्ये बायबलातील वचने त्याने तांबड्या शाईने लिहिली, ती शाईसुद्धा त्या प्रतीत दिसते. आपल्याकडे बंदिश गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात जाई. गुरू गेला की किती बंदिशी त्याच्याबरोबर जात असतील!

म्हणून पंडितजी जयपूर, रामपूर, ग्वाल्हेर येथील गायकांच्या दारी गेले. चिजा ऐकल्या, शिकल्या, काही फोनोग्राफवर उतरवून घेतल्या. त्या लिहिण्यास त्यांनी सोपी चिन्हे ठरविली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ; मंद्र सप्तकास खाली टिंब, तार सप्तकास वर टिंब. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत हा सारा ठेवा आला. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा ग्रंथ त्यांनी आपल्या मराठीतच लिहिला.

रागांची दहा थाटांत केलेली त्यांची वाटणी सर्वांना पटली नाही. मींड आणि श्रुतींचे सारे बारकावे कागदावर येत नाहीत, हा आक्षेपही खरा आहे. पण चूक दाखविण्यासाठीसुद्धा आधी काहीतरी लिहिलेले असावे लागते. १९१६ साली बडोद्यास भरलेली अखिल भारतीय संगीत परिषद आणि १९२६ साली लखनौस निघालेले संगीत महाविद्यालय हे त्यांच्याच खटपटीचे फळ. त्यामुळे घराण्याबाहेरच्या मुलालाही राग शिकण्याची वाट मोकळी झाली. अखेरची तीन वर्षे ते पक्षाघाताने अंथरुणास खिळले होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, आपल्या झाडीपट्टीत दंडारीच्या चाली जाणणारी म्हातारी माणसे अजून आहेत. आजोबांच्या वहीतील चाल मला आता मिळणार नाही. परंतु येत्या सुटीत मी शेजारच्या म्हाताऱ्या गायकापाशी बसणार आहे. सरांकडून सा रे ग म लिहायला शिकतो आहे. पहिली चाल चुकीची लिहिली जाईलही, पण ती लिहिली जाईल.