हवेचे माप घेणारा रॉबर्ट बॉईल

आपल्या बहादरपुरानजीकच्या बुऱ्हाणपुरात १६३१ साली बेगम मुमताजमहल निवर्तली, तेव्हा दूर आयर्लंडमधील लिस्मोरच्या किल्ल्यात जन्मलेला रॉबर्ट बॉईल हा चार वर्षांचा बालक होता. धनाढ्य सरदाराचा हा पुत्र ऐषआरामात न रमता विज्ञानसाधनेत गढून गेला. ऑक्सफर्ड येथे रॉबर्ट हुक याच्या साह्याने त्याने वायुपंप सिद्ध केला. पुढे वाकड्या काचनळीत पाऱ्याने हवा कोंडून त्याने तिचे माप घेतले. तापमान स्थिर असता आकारमान निम्मे केल्यास हवेचा दाब दुप्पट होतो, हा नियम त्याने १६६२ साली प्रसिद्ध केला.

विद्यार्थ्यांनो, रंगाच्या गोळ्या उडविणाऱ्या ‘पेंटबॉल’ बंदुकीच्या टाकीत हवा भरताना हेच माप प्राण वाचविते. टाकी जाणत्या माणसाकडूनच भरवावी. तिच्यावर कोरलेला दाब ओलांडू नये आणि चाचणीची मुदत संपलेली टाकी भरूच नये. कार्बन डायऑक्साइड मात्र दाबाखाली द्रवरूप होतो. तो किती भरला हे दाबमापक सांगत नाही, म्हणून तो तोलूनच भरावा. काठोकाठ भरलेली टाकी उन्हात फुटू शकते.

१६९१ च्या डिसेंबरात बॉईल लंडन येथे वारला. डोळ्यांना न दिसणाऱ्या शक्तीशीही मापाने वागावे, हा त्याच्या आयुष्याचा धडा आपण विसरू नये.