सर्पगंधेचे ‘वकील’

मुंबईहून पेण-रोह्याकडे निघाले की सह्याद्रीच्या रांगा सोबतीला येतात. या सह्याद्रीच्या आणि कोकणच्या ओलसर, सावलीच्या जंगलांत सर्पगंधा नावाचे एक लहानसे झुडूप आढळते. पांढरी फुले, तांबूस देठ आणि पिकल्यावर काळपट होणारी फळे. औषधी गुण मात्र सारा मुळात. सर्पदंशावरचा उतारा म्हणून ते दिले जाई, निद्रानाशावर दिले जाई आणि वेडाच्या झटक्यावरही दिले जाई. बिहारमध्ये तर त्याची ओळखच वेडाचे औषध अशी होती. या मुळाची बाजू जागतिक वैद्यकाच्या दरबारात पुराव्यानिशी मांडली ती मुंबईच्या एका पारशी डॉक्टरांनी. योगायोग असा की, त्यांचे आडनावच वकील होते.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत झाला. लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगावर काम करू लागले. त्या काळी उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला देण्यासारखे डॉक्टरांजवळ फारसे काही नव्हते. विश्रांती, मीठ वर्ज्य, झोपेची गोळी. फारच झाले तर मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब किती वाढला आहे हे डॉक्टरांना ठाऊक होते; तो उतरवण्याचा खात्रीचा उपाय मात्र त्यांच्यापाशी नव्हता. महासत्तेच्या प्रमुखाची ही स्थिती, तर परळच्या गिरणी कामगाराची काय कथा!

सर्पगंधेचा अभ्यास वकिलांच्या आधीच सुरू झाला होता. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये मनोविकार आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा उपयोग होतो असे नोंदवले होते. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळातून काही अल्कलॉइड वेगळे काढून त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले होते. परंतु हे सारे भारतीय नियतकालिकांच्या पानांत राहिले होते. वकिलांनी वेगळी वाट धरली. त्यांनी रुग्ण निवडले, औषधाआधीचा आणि नंतरचा रक्तदाब आठवड्यांमागून आठवडे मोजला, उपयोग किती झाला आणि त्रास कोणता झाला, दोन्ही लिहून ठेवले. १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. परंपरेवर विश्वास ठेवावा असे आवाहन त्यात नव्हते, आकडे होते.

पाश्चात्त्य जगाने या आकड्यांची दखल घेतली. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रुग्णांवर तपासले. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांनी मुळातला मुख्य क्रियाशील घटक वेगळा केला. त्याचे नाव रेसर्पीन. न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी तो मनोरुग्णांना दिला आणि वर्षानुवर्षे बेभान असलेले काही रुग्ण शांत झाल्याचे त्यांना दिसले. १९५७ मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा रक्तदाबावरील कामासाठी वकील आणि मनोविकारांवरील कामासाठी क्लाइन, अशी दोन्ही नावे एकाच यादीत होती. झुडूप एक, न्यायालये दोन!

एकच औषध रक्तवाहिन्यांवर आणि मनावर कसे चालते? याचे उत्तर मज्जातंतूंच्या टोकाशी आहे. एक मज्जापेशी दुसरीला निरोप पाठवते तो रसायनांच्या रूपाने. नॉरअॅड्रिनलीन, सेरोटोनिन, डोपामीन ही त्या निरोप्यांची नावे. पेशीच्या टोकाला असलेल्या इवल्या पिशव्यांत ती भरून ठेवलेली असतात. रेसर्पीन या पिशव्या भरणारा पंपच बंद पाडते. बाहेर राहिलेली रसायने पेशीतील विकर नष्ट करते आणि साठा हळूहळू रिता होतो. रक्तवाहिन्या आवळणारा निरोप क्षीण झाला की रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते. मेंदूतही साठा आटतो आणि खळबळ निवते. म्हणूनच या औषधाचा गुण यायला दिवस लागतात आणि ते थांबवल्यावरही परिणाम बरेच दिवस रेंगाळतो.

पण मेंदूतली प्रत्येक पिशवी काही आजारी नसते. काही रुग्णांचे नाक चोंदू लागले, काहींना वाईट स्वप्ने पडू लागली, काहींचे हात कापू लागले, तर काहींच्या मनावर खिन्नतेचे मळभ दाटले. रेसर्पीनमुळे खरोखर नैराश्य येते की नाही, याबद्दल अभ्यासकांत आज मतभेद आहेत. मात्र त्या काळच्या या नोंदींनीच मनाच्या आजारांमागे रसायनांचा तुटवडा असू शकेल या विचाराला चालना दिली. १९५७ मध्ये स्वीडनचे अरविद कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिले. ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचले, तेव्हा थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडूफिरू लागले. डोपामीनचे मोल जगाला कळले आणि कंपवाताच्या उपचाराचा मार्ग खुला झाला. या कामाबद्दल कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

वकिलांचा गौरव मायदेशीही झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९६५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या रोगपरीक्षेवरील ग्रंथावर विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडल्या. २० नोव्हेंबर १९७४ रोजी वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रेसर्पीन असलेली ‘अॅडेल्फेन’ची गोळी पुढेही कित्येक घरांत आजी-आजोबांच्या उशाशी दिसत असे. नंतर अधिक सुरक्षित औषधे आली आणि रेसर्पीन मागे पडले.

या कथेतून आजच्या वाचकाने घेण्यासारखे बरेच आहे. वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत शहरांत आजही घट्ट आहे. डॉक्टरांना न सांगता अशी चूर्णे आणि गोळ्या सर्रास घेतल्या जातात. परंतु डोंगरातून खणून आणलेले मूळ असो वा रोह्याच्या धाटावसारख्या औद्योगिक वसाहतीत बनलेले रसायन, मज्जापेशीला त्याचे गाव कळत नाही. तिला कळतो तो फक्त रेणू. मुळांसाठी झालेल्या बेसुमार खोदाईने सर्पगंधा आज दुर्मीळ झाली असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. वकिलांनी तिची बाजू मांडली ती गुण सांगून आणि दोष न लपवता. औषधाची वकिली करायची ती अशीच.